दौंडचा गंधकवाला

"हात बघू तुमचा."

असं म्हणायचा आणि समोरच्याचा हात धरून अंगठ्याच्या नखावर टिचकी मारायचा. टक् आवाज आला की मान हलवायची. "ठिसूळ हाय. गंधक कमी पडलंय तुमाला."

आता नखावर टिचकी मारल्यावर टक् नाही तर काय टाळ वाजणार? पण हे बोलायची न्हावऱ्याच्या बाजारात कुणाची छाती नव्हती. टिचकी मारणारा माणूस कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सफारीत असायचा, खिशाला दोन पेनं, आणि साखर कारखान्याच्या लॅबमधून रिटायर झालेला. आपल्याकडं लोक डॉक्टरचं ऐकणार नाहीत, पण कारखान्यातल्या माणसाचं ऐकतील. तुम्हीही बघितलं असेल.

हा माणूस मला आवडला नाही. पहिल्या दिवसापासून नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझं बोलणं किती धरायचं आणि किती सोडायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. ह्यानं माझ्या सासऱ्यांना मरणाच्या दारात नेऊन बसवलं, असं मी भर बाजारात ओरडून सांगितलं. गाव अजून तेच सांगतं.

माझं बाजारतळाच्या कडेला मेडिकल आहे. डी.फार्म. केलं, लग्न होऊन न्हावऱ्याला आले, आणि सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, रस्त्याकडचा गाळा मोकळा करून दिला. "पोरगी एवढी शिकलीय, तिला चुलीपुढं बसवून काय करू?" म्हणाले. भावकी हसली. आबा सोसायटीवर दोनदा निवडून आलेले, हसणाऱ्यांकडं बघायची त्यांना सवय नव्हती. माझे वडील मी दहावीत असताना गेले. आबा माझ्यासाठी कोण होते हे त्यावरून समजून घ्या. जास्त बोलायला गेले तर रडू येईल.

तर दर बाजारला हा गृहस्थ दौंडहून यायचा. चौफुल्याला एसटी बदलून, दोन हातांत दोन पिशव्या. आणि बसायचा कुठं? माझ्या दुकानाच्या पायरीवर. मला विचारलं? नाही. आबांना विचारलं होतं म्हणे. गाळा आबांचा, पायरी आबांची, मी कोण? पायरीवर पेपर अंथरायचा, त्यावर पांढऱ्या डब्यांची रांग लावायची आणि पुढं काळ्या फडक्यावर चमचाभर पांढरी पावडर सांडून ठेवायची. कारखान्यात साखरेचा दाणा तपासतात तशी चिमूट बोटांत धरून चोळायची, उन्हाकडं न्यायची आणि म्हणायचं, "दाणा बघा. एकसारखा. भेसळ न्हाई."

माझं गिऱ्हाईक आधी ह्याला ओलांडणार आणि मग माझ्याकडं येणार. निम्मी माणसं ओलांडतच नसत.

त्यातून गाव त्याला म्हणायचं केमिस्टसाहेब. अरे, केमिस्ट मी! परवाना काचेत घालून भिंतीवर टांगलाय. हा उसाच्या रसात गंधकाची वाफ सोडणारा माणूस. पण तो केमिस्टसाहेब आणि मी मेडिकलवाली.

डब्यात काय असायचं ते सांगते. एमएसएम म्हणतात त्याला. सेंद्रिय गंधकाचा एक प्रकार. औषध नव्हे, पूरक आहार. लोक गुडघेदुखीसाठी, सांधेदुखीसाठी घेतात. ह्याचं भाषण मात्र गुडघ्यावर थांबायचं नाही.

"कांदा चिरताना डोळ्यांत पाणी कशानं येतं? गंधक! अंडं उकडल्यावर वास कसला येतो? गंधक! केसात हाय, नखात हाय, गाईच्या शिंगात हाय. मग तुमच्या गुडघ्यालाच का नको?"

एक बाई म्हणाली, "आवं, मग गाईला चारलं तर दूध वाढंल का?"

"गाईला इचारून सांगतो पुढच्या बाजारी."

सगळी पायरी हसली. मी आत गोळ्यांची पट्टी कापत होते, ती वाकडी कापली गेली.

एकदा मी बाहेर येऊन चारचौघांत विचारलं, "परवाना आहे का हो हे विकायचा?" मला वाटलं, आता गडबडेल. त्यानं शांतपणे डबा उचलून माझ्या हातात दिला. "ताई, कंपनीच्या परवान्याचा नंबर हाय मागं. वाचा. बारीक हाय, चष्मा देऊ का माझा?" नंबर होता. खरा होता. मी तो मोबाइलवर तपासलाही. माझी आणखीच चिडचिड झाली.

मग रागानं का होईना, मी अभ्यास केला. कॉलेज सुटल्यापासून एवढं वाचलं नव्हतं. कळलं ते असं. पावडर विष नाही. काहींना गुडघ्याला थोडा आराम पडतो, सगळ्यांना नाही, आणि पुरावा आहे तो तोकडाच. कुणाचं पोट बिघडतं, कुणाला गॅस होतो, कुणाचं डोकं दुखतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, बाई गरोदर असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. केस, नखं आणि कातडीबद्दल बोलणं जास्त, माहिती कमी. म्हणजे अमृतही नव्हे आणि निव्वळ फसवणूकही नव्हे. मला निव्वळ फसवणूक हवी होती.

आणि गंमत बघा, ह्यातलं निम्मं तो स्वतःच सांगायचा. डबा देण्याआधी तो प्रत्येकाला गोळ्यांची पिशवी दाखवायला लावायचा. आपल्या म्हाताऱ्या माणसांकडं असते ना, दोरीनं तोंड बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी, तीच. पिशवी मांडीवर ओतायची, एकेक पट्टी उलटी करून वाचायची. मांडवगण फराट्याची एक म्हातारी यायची, हृदयाची झडप बदललेली. तिची पट्टी वाचली आणि म्हणाला, "मावशी, तुमाला न्हाई देणार."

"का रं बाबा? पैसं हायती माझ्याकडं."

"पैशाचं न्हाई. ही रक्त पातळ करायची गोळी हाय. डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहून दिलं तर या. तवर न्हाई."

म्हातारी हट्टाला पेटली, त्याच्या पायाशी बसून राहिली. त्यानं दिलं नाही. मी काउंटरवरून बघत होते आणि मनात म्हणत होते, काय नाटकी माणूस आहे! एकीला नाही म्हणायचं म्हणजे दहाजण विश्वास ठेवतात. आणि ठेवलाच. त्या दिवशी पायरीवरची डब्यांची रांग दुपारीच संपली.

एका बाजारला एका शेतकऱ्यानं त्याला विचारलं, "साहेब, आमी बी कांद्याला गंधक सोडतो. त्येच का हे?"

हा एकदम ताठ झाला. हसणं बंद. "न्हाई. मिठात क्लोरीन हाय, म्हणून ग्रामपंचायत टाकीत टाकती ती पावडर तुमी भाजीत घालता का? तसंच हे. शेतातलं गंधक शेतात. तोंडात न्हाई. पोराबाळांच्या हाताला बी लागू देऊ नका."

मी आतून ऐकलं. बरोबर बोलला होता. ह्याच्यापेक्षा सोपं मलाही सांगता आलं नसतं.

आता आबांकडं येते. आबांचे गुडघे गेलेले होते. जन्म कांद्यात गेला. लागण, खुरपणी, काढणी, सगळं उकिडवं बसून. गेल्या वर्षी कांदा काढणीला आला तेव्हा त्यांना बांधापर्यंत जाता येईना. घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि लांबून शेताकडं बघायचे. मी दुखण्याच्या गोळ्या द्यायचे, त्यानं पोटात आग पडायची. मग गोळ्या बंद, मग परत दुखणं. डॉक्टरनं गुडघे बदलायला सांगितले होते. आबा म्हणाले, "बैलाचं न्हाई बदलत, माझं कशाला बदलता?"

त्यांनी डबा घेतला. माझ्या पायरीवरून, मी दुकानात असताना. मला न सांगता.

महिना झाला आणि एका सकाळी आबा काठी टेकत बांधावर जाऊन उभे राहिले. मी बघितलं. काखेत काठी धरून दोन्ही हातांनी कांद्याची पात चाचपत होते. आनंद व्हायला पाहिजे होता ना मला? झाला, नाही असं नाही. पण त्याच्या आधी मनात हिशेब सुरू झाला. एवढी वर्षं मी गोळ्या देतेय, मलमं देतेय, गरम पाण्याची पिशवी करून देतेय, आणि श्रेय कुणाला? टिचकीवाल्याला!

आबा जेवताना कौतुक करायचे. "माणूस हुशार हाय. कारखान्यात उगा ठेवलं न्हाई त्याला."

आणि मग माझं तोंड सुटायचं. घरात मी त्या माणसाला काय काय बोलले त्याला हिशेब नाही. माझी जीभ अशी आहे, की टोमणा सुचला तर तो बाहेर पडल्याशिवाय घास गिळत नाही. आमचे हे हसायचे. त्यामुळं मला आणखी चेव यायचा. आबा हसायचे नाहीत. ऐकून घ्यायचे.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत आबांचं पोट बिघडलं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पुरुषमाणूस, त्यात सासरा, सुनेला कसं सांगणार की दिवसातून आठ-आठ वेळा जावं लागतंय? मला नुसता वास यायचा त्यांच्या खोलीत, नासक्या अंड्यासारखा. मला वाटलं उंदीर मेला. मी कपाट सरकवून उंदीर शोधला! डी.फार्म. झालेली बाई!

आठव्या दिवशी सकाळी आबा कांद्याच्या चाळीपाशी पडले. डोळे आत गेलेले, जीभ कोरडी, हातपाय गार. आमच्या ह्यांनी गाडीत घातलं आणि शिरूरला नेलं. दवाखान्यात आत घेतलं, सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी गेलंय, रक्तातलं आम्ल वाढलंय, किडनीनं काम टाकलंय, वय बघता काही सांगता येत नाही. "खाण्यात काय आलंय ते शोधा," म्हणाले. "लवकर शोधा."

मी दुसऱ्या दिवशी ह्यांच्याबरोबर कपडे न्यायला घरी आले. आबांच्या उशाच्या कोनाड्यात तो डबा. उघडला. आत पांढरी पावडर नव्हती. पिवळी होती. फिकट पिवळी, मऊ, बोटाला चिकटणारी. फवारणीचं गंधक. मला ओळखायला क्षण लागला नाही.

तुम्हीच सांगा, डबा त्याचा, लेबल त्याचं, आत शेतातलं गंधक. दुसरा काय विचार येणार? आणि त्या दिवशी बाजार होता. आणि तो माझ्याच दुकानाच्या पायरीवर बसला होता. दुकान बंद होतं तरी.

मी अनवाणी गेले. डबा त्याच्या तोंडापुढं धरला. काय बोलले ते गावातल्या कुणालाही विचारा, पाठ आहे सगळ्यांना. "फवारणीचं गंधक भरून विकतोस होय रे! म्हाताऱ्या माणसांना मारतोस! माझे आबा तिकडं शेवटच्या घटका मोजतायत, आणि तू इथं दाणा दाखवत बसलायस!"

त्यानं डबा घेतला. चिमूट काढली, बोटांत चोळली, वास घेतला. आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, चोर सापडला.

"हे माझं न्हाई, ताई."

"डबा कुणाचा?"

"डबा माझा. आतलं माझं न्हाई. हे पाण्यात मिसळायचं हाय, ह्यात दुसरं बी काय काय असतं. किती दिस घेतलं? लघवी होतीया का त्यांना?"

"मारून वर लघवी विचारतोय!" मी किंचाळले.

तेवढ्यानं झालं. दोन दांडग्या गड्यांनी त्याची कॉलर धरली. कुणीतरी डब्यांना लाथ मारली. चष्मा पडला, सफारीचं बटण तुटलं, कानाखाली बसली एक, नाही दोन. त्यानं हात वर केला नाही. नुसता माझ्याकडं बघून ओरडत होता, "ताई, घरी पुडा शोधा! पुड्यावर लिहिलेलं असतंय! डॉक्टरला नेऊन दाखवा, आत्ता!"

"पोलिसात देईन तुला!"

"द्या. पुडा आधी शोधा."

लोकांनी त्याला एसटी स्टँडपर्यंत ढकलत नेलं. पिशव्या तशाच राहिल्या. डांबरी रस्त्यावर पांढरी पावडर पसरली होती आणि बाजारची माणसं ती तुडवत भाजी घ्यायला जात होती. मी तिथं उभी होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. कधीपासूनचं काहीतरी निघून गेल्यासारखं.

घरी आले तर आमचे हे अवजारांच्या शेडमधून बाहेर येत होते. हातात गंधकाचा पुडा. पुड्याचं तोंड कापलेलं आणि आत आमच्या स्वयंपाकघरातला स्टीलचा चमचा. आठ दिवसांपासून मी तो चमचा शोधत होते.

आम्ही एकमेकांकडं बघितलं.

"त्यानंच सांगितलं असणार," मी म्हणाले. "डबा संपला की हे घाला म्हणून."

"त्यो कशाला सांगंल? त्याचा डबा खपायचा न्हाई मग," हे म्हणाले.

पुडा घेऊन शिरूरला गेलो. डॉक्टरांनी त्यावरचं बारीक अक्षर वाचलं, फोटो काढला, कुणाला तरी फोन केला, उपचार बदलले. "बरं झालं हे आणलंत," म्हणाले. आणि नर्सला विचारलं, "लघवी किती झाली?"

चौथ्या दिवशी आबा बोलले. किडनी हळूहळू कामाला लागली होती. मी चमच्यानं पाणी पाजत होते. मला राहवेना. विचारलं, "आबा, ते पिवळं गंधक खायला त्यानं सांगितलं ना तुम्हाला?"

आबांनी पाणी गिळलं. "न्हाई गं. त्यो तर न्हाईच म्हणायचा. चारदा म्हणला आसंल, शेतातलं शेतात म्हणून."

"मग?"

"तू म्हणलीस ना."

मला आधी काही समजलंच नाही.

"जेवताना म्हणलीस. त्या डब्यात काय असतंय, आबा, तुमच्या कांद्याचंच गंधक. डब्यात भरलं की साहेब झालं." आबा दम खात खात बोलत होते. "म्या इचार केला, त्याला डबा खपवायचा हाय, त्यो न्हाईच म्हणणार. तू शिकलेली. आपल्या घरातली. तू कशाला खोटं सांगशील? शेडात पुडा पडलाच हाय. मग डबा कशाला घ्या? रिकाम्या डब्यात भरलं आन् ताकात घालून घेतलं."

डब्यात भरलं की साहेब झालं. आठवलं मला. आठवलं, की त्यावर आमचे हे केवढ्यानं हसले होते, आणि मी दुसरी भाकरी घेतली होती.

मला माहीत होतं हो. दोन्ही वस्तू वेगळ्या आहेत हे मला त्याच्याइतकंच, त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी अडाणीपणानं बोलले नाही. जळफळाटानं बोलले. आणि आबांनी एवढ्या मोठ्या बाजारात कुणाचं ऐकायचं हे ठरवताना माझं ऐकलं, कारण भिंतीवर परवाना टांगलाय तो माझा.

मी बाहेर जाऊन दवाखान्याच्या जिन्यात बसले. तिथं रडले का? नाही. तिथं पहिला विचार काय आला ते सांगते, तुम्हाला माझी लाज वाटली तर वाटू दे. पहिला विचार आला, आबांनी हे अजून कुणाला सांगितलंय का?

सांगितलं नव्हतं. पण सोडलंही नाही. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी कुणीतरी भेटायला आलं आणि म्हणालं, "त्या गंधकवाल्याला चांगला चोपला बघा, आबा." आबांनी माझ्याकडं बघितलं. लोक गेल्यावर म्हणाले, "जाऊन सांगून ये त्याला. मी आलो असतो, पण पायात जीव न्हाई."

"जाते, आबा."

"आन् बाजारात बी सांग."

"सांगते."

तो बाजारला आला नाही. पुढच्याही नाही. पायरी रिकामी. माझं गिऱ्हाईक सरळ दुकानात येऊ लागलं आणि येताना म्हणू लागलं, "ताई, बरं केलंत, धडा शिकवला." मी मान खाली घालून औषध द्यायचे. मांडवगणची ती म्हातारी एकदा आली. काउंटरला धरून म्हणाली, "त्यो चांगला माणूस व्हता गं. मला न्हाई म्हणला, त्याच्या आधी मला कुणी न्हाई म्हणलं नव्हतं. सगळे पैसं घेऊन देत्यात." तिला मी तिच्या गोळ्या दिल्या आणि आतल्या फळीवर काहीतरी शोधत राहिले, ती जाईपर्यंत.

फोन का केला नाही म्हणाल. डब्यावर त्यानं मारलेल्या शिक्क्यात नाव, पत्ता, फोन सगळं होतं. तीनदा लावला, रिंग जायच्या आत कापला. काय सांगायचं? की बाबा रे, तुला मार खायला लावला, तुझं नाव घालवलं, आणि चूक माझी होती? आणि खरं सांगू का, मला तो अजूनही आवडत नव्हता. चूक माझी निघाली म्हणून तो माझ्या मनाला एकदम गोड झाला असं नाही. टिचकी मारून नख ठिसूळ आहे म्हणून सांगणारा माणूस तो. माझ्या पायरीवर मला न विचारता बसणारा. पण आबांच्या डब्यात त्यानं काही वाईट घातलं नव्हतं. घातलं ते मी.

सव्वा महिना असा गेला. एका सकाळी बघते तर आबा पायात चपला घालून ओट्यावर उभे. काठी, टोपी, खिशात एसटीचा पास.

"कुठं निघालात?"

"दौंडला. तुला जमंना, तर मी जातो."

त्यांचे पाय थरथरत होते. मी त्यांना खुर्चीत बसवलं, साडी बदलली आणि निघाले.

चौफुल्यापर्यंत वाक्य पाठ केलं. चुकलं माझं, मी बाजारात येऊन सगळ्यांसमोर सांगते, तुम्ही या. एवढंच. दौंडला उतरल्यावर परत म्हणून बघितलं. डब्यावरच्या पत्त्यावर विचारत विचारत रेल्वे लाइनच्या पलीकडं गेले. दोन खोल्यांचं घर, पत्र्याचं. दाराला कुलूप. अंगणात तुळस वाळलेली.

शेजारची बाई वाळवण काढत होती. म्हणाली, "साहेबांकडं आलाय व्हय? ते न्हाईत. लेकीकडं गेले लातूरला. आता न्हाई यायचे, सामान बी नेलं."

"कधी गेले?"

"झालं की पंधरा दिस. त्या न्हावऱ्यात काय झालं कळलं न्हाई का तुमाला? मारलं हो त्यांना. म्हाताऱ्या माणसाला. एक कान जाम झाला, ऐकू येत न्हाई त्या बाजूनं. तवापासनं घराबाहेर पडंनात. लेक येऊन घेऊन गेली."

मी वाळवणाकडं बघत राहिले. बाईला वाटलं असेल, दमले असेन. तिनं पाणी आणून दिलं.

"तिथली मेडिकलवाली हाय म्हणं कुणीतरी," ती म्हणाली. "तिनं सगळं केलं. मी तर साहेबांना म्हणलं, केस करा तिच्यावर. तर म्हणत्यात कसं, नको. सासऱ्यावर लई जीव हाय तिचा, म्हणून बोलली." बाईनं पदरानं तोंड पुसलं. "जाताना बी सांगून गेले, तिकडचं कुणी आलं तर इचारून ठिवा, त्ये आबा घरी आले का, चालत्यात का. आन् मला फोन करा. आता इथं कोण येणार तिकडचं?"

वाक्य तोंडात तयार होतं. पाठच होतं.

"आबा घरी आलेत," मी म्हणाले. "चालतात काठी घेऊन. असं ऐकलंय."

"व्हय का! बरं झालं बाई. आजच फोन करते. तुमी वळखता का त्या बाईला?"

"नाही," मी म्हणाले. "मी मांडवगणची आहे."

पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला आणि स्टँडवर आले.

घरी पोचले तेव्हा आबा ओट्यावरच बसले होते. चपला अजून पायात. जेवले नव्हते. मी हातपाय धुतले, ताट वाढलं.

"भेटला?"

"भेटले."

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणला?"

"म्हणाले, सासऱ्यावर लई जीव आहे, म्हणून बोललात."

आबांनी डोळे मिटले. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बघ," म्हणाले, "खरं बोललं की माणूस असं वागतंय. सुटलीस, पोरी."

मी त्यांच्या ताटात भाकरी मोडून दिली.